वाटीवरचं नाव

उमाकांत सबनीसांच्या नावापुढं यंत्रानं 'बेशिस्त' असा शेरा मारला, तेव्हा मी जिल्हा नियंत्रण कक्षात दुपारचा चहा घेत होते. चहा तसाच राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही सिग्नल सुटेपर्यंत स्कूटर बंद करून थांबणारा माणूस तो. आमच्या कॉलनीत ओला कचरा कुठल्या डब्यात नि सुका कुठल्या, याचा वाद झाला की लोक सबनीसांच्या दारातले डबे बघून यायचे. असा माणूस मनगटावरची पट्टी काढून ठेवून गावभर हिंडला, असं यंत्राचं म्हणणं होतं. आणि ते यंत्र सांभाळायची नोकरी माझी होती.

ही एक्केचाळीस सालातली गोष्ट. नीरसंगमला तो उन्हाळा लुळ्या तापाचा गेला. डॉक्टर मंडळी त्याला अक्षरं आणि आकडे जोडून काहीतरी नाव देत, पण लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच नाव ठेवलं. तीन दिवस ताप, थोडे जुलाब, आणि शंभरातल्या चार-पाच जणांचा एखादा हात नाहीतर पाय लुळा पडायचा. काहींचा महिन्याभरात सुधारायचा, काहींचा नाही. पोलिओच्याच गोतावळ्यातला हा विषाणू. लस यायला अजून पाच-सहा महिने होते. तोवर माणसानं माणसापासून लांब राहायचं, एवढंच हातात होतं.

त्यासाठी 'सोबती' आणलं होतं. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी. दोन पट्ट्या दोन मीटरच्या आत पाच मिनिटं राहिल्या की त्याची नोंद कक्षातल्या यंत्राकडं यायची. अशा लाखो नोंदींतून सोबती गावाचा नकाशा काढायचं. माणूस म्हणजे ठिपका, सहवास म्हणजे रेघ. एखाद्याला ताप आला की यंत्र त्याच्या रेघा धरून मागं जायचं आणि उद्या कुणाकुणाला घरात बसवायचं ते सांगायचं.

पण सोबतीची खरी हुशारी निराळीच होती. नियम माणसं भीतीनं फार दिवस पाळत नाहीत, आणि सरकारनं सांगितलं म्हणून तर त्याहून नाहीत. ती शेजाऱ्याकडं बघून पाळतात. प्रत्येकाच्या मनात एक आकडा असतो. गल्लीतल्या इतक्या जणांनी केलं की मीही करीन. कुणाचा आकडा दोन, कुणाचा पाच, कुणाचा वीस. दोनवाले हलले की पाचवाल्यांना धीर येतो, पाचवाले हलले की पुढच्यांना, आणि बघता बघता सगळी गल्ली हलते. पहिलेच पुढं आले नाहीत, तर मात्र सगळी भली माणसं एकमेकांची वाट बघत जागच्या जागी बसून राहतात. म्हणून आम्ही प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी फलक लावला होता. या गल्लीतले शंभरातले किती जण आज नियम पाळताहेत, तो आकडा त्यावर उमटायचा. कल्पना लागू पडली. आमच्या पाटबंधारे कॉलनीचा आकडा शहाण्णववर गेला, आणि लोक एकेकटे जाऊन फलकाखाली फोटो काढून घ्यायला लागले.

आणि तरीही ताप वाढत होता. आकडा शहाण्णव आणि एकट्या आमच्या कॉलनीत आठवड्याला अकरा नवे रुग्ण, हे गणित बसेना. तेव्हा यंत्रानं त्याला शिकवलेलं एकमेव उत्तर काढलं, लोक पट्ट्या काढून ठेवतात. सबनीसांच्या बारा दिवसांच्या नकाशात एकही रेघ नव्हती. नुसता ठिपका. माणूस कुणालाही भेटलेला नाही आणि तरी त्याला ताप आला, म्हणजे चोरी आहेच. शेरा बसला की दहा दिवसांचं विलगीकरण एकवीस दिवसांचं व्हायचं आणि नाव फलकावर लागायचं. तासाभरात कॉलनीच्या ग्रुपवर सुरू झालं. दिसायला गरीब गाय, असं कुणी म्हणालं. बायको गेल्यापासून जरा विचित्रच झालेत, असं दुसऱ्यानं. सबनीसांना विलगीकरणासाठी कॉलेजच्या हॉस्टेलवर नेलं होतं, उजवा हात सकाळपासून उचलत नव्हता, आणि तिथं पडल्या पडल्या ते हे सगळं वाचत असणार.

मला ते सहन होईना. का होईना, हेही मला ठाऊक होतं.

आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मधे छातीएवढी भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. सबनीस त्रेपन्न वर्षांचे, कालव्याचं पाणी मोजायच्या नोकरीत. निर्मलावहिनींना जाऊन सहा वर्षं झालेली. मी सेहेचाळीसची, आणि माझं लग्न राहून गेलेलं. ठरवून नाही, फोनवर बोलता बोलता गॅसवरचं दूध राहून जावं, तसं.

वहिनींच्या आजारपणात माझी एक वाटी त्यांच्याकडं राहिली होती. त्या गेल्यावर महिन्याभरानं एका सकाळी ती भिंतीवर दिसली. आत चाकवताची पातळ भाजी, अतोनात आंबट. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यावी, पण रिकामी नाही. हा नियम सबनीसांना माहीत होता, आणि नियम म्हटला की तो पाळायचाच. म्हणून या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा चाकवत शिजवला होता. मी ती भाजी चाटूनपुसून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी शिरा पाठवला. तेव्हापासून सहा वर्षं भिंतीवर एक वाटी त्यांची नाहीतर एक माझी, असं चाललं होतं.

त्यांच्या वाट्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, सौ. निर्मला उ. सबनीस. माझ्या वाट्यांवर नुसतं 'यामिनी'. आईनं माझ्या लग्नासाठी भांडी घेतली तेव्हा नाव घालणाऱ्यानं विचारलं, पुढं आडनाव काय. आई म्हणाली, जागा सोडा, ठरलं की घालू. मग ठरलं नाही, आणि आई गेली. 'यामिनी'च्या पुढं दोन बोटांची गुळगुळीत जागा अजून तशीच आहे.

आमच्यात बोलणं फार नव्हतं. ते मला 'सातपुते मॅडम' म्हणायचे, मी त्यांना 'अहो सबनीस'. मीठ बरोबर होतं का, नळाला पाणी किती वाजता आलं, एवढंच. पण सकाळी भिंतीवर वाटी ठेवल्याचा टक् असा आवाज आला की मला उठावंसं वाटायचं, आणि ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांवर करवादायचे. मला हा माणूस हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांनाही नाही. चाळिशी उलटल्यावर असलं काही कसं बोलायचं हे कुणी शिकवत नाही.

त्या दुपारी मी लवकर घरी आले. सबनीसांचा पुरावा शोधायचा म्हणून आले होते, पण कसला शोधायचा ते माहीत नव्हतं. सवयीनं सकाळची भांडी घासायला घेतली. पहिली वाटी हातात आली, सौ. निर्मला उ. सबनीस. दुसरीवर 'कुमुद'. तिसरीवर कुणाच्या तरी मुंजीची तारीख. चौथीवर 'वास्तुशांत, भोगले परिवार'. माझ्या मोरीत चार घरं होती. यांतल्या एकाही माणसाच्या दोन मीटरच्या आत मी महिन्याभरात गेले नव्हते. ते भिंतीवर, नाहीतर पायरीवर वाटी ठेवून आत जायचे, मग मी बाहेर यायचे. फलकावरचा आकडा खरा होता. आम्ही सगळे नियम पाळत होतो, आणि नियमात वाटी कुठंच नव्हती. यंत्राला माणसं दिसत होती, वाट्या दिसत नव्हत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

हा विषाणू पोटात राहतो, पोटातून हातावर येतो आणि स्टीलवर दोन-तीन दिवस सहज टिकतो. शिजवताना मरतो, पण शिजवल्यावर हात लागला तर पुन्हा येतो, आणि कच्च्या पदार्थात तर मरतच नाही. मी सबनीसांना शेवटचं काय पाठवलं होतं ते आठवलं. आदल्या आठवड्यात भिंतीपलीकडून ते म्हणाले होते, उन्हाळा फार झालाय, तुमची ती खमंग काकडी बरेच दिवसांत नाही झाली. ते आपणहून काही मागण्यातले नव्हते, म्हणून मला इतका आनंद झाला की मी लगेच चार काकड्या कोचवल्या आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळून पाणी काढलं.

मी माझा नमुना तपासायला दिला. मला ताप नव्हता, काही नव्हतं, भूकसुद्धा व्यवस्थित होती. दुसऱ्या दिवशी निकाल आला. मला लागण झाली होती, नऊ-दहा दिवसांपूर्वीची, एकही लक्षण न दिसलेली.

आमचे साहेब डॉ. नाडगौडा यांना मी घरूनच पडद्यावर सगळं सांगितलं. मग त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं की अहवालात 'एक शेजारी' एवढं लिहिलं तरी चालेल, सगळं गाव वाचणार आहे, तुमचं नाव कशाला. पण पुरी रेघ ओढल्याशिवाय सबनीसांचा शेरा यंत्र काढत नव्हतं. मी नोंद भरली. यामिनी सातपुतेकडून उमाकांत सबनीस यांच्याकडं, माध्यम वाटी, पदार्थ काकडी. सहा वर्षांत आम्हां दोघांमधली ती पहिली रेघ. शेरा गेला, फलकावरून त्यांचं नाव उतरलं, आणि अहवालाच्या यादीत पहिल्या ओळीत माझं चढलं.

मग मी घरात बसून कॉलनीतल्या एकशे अठरा घरांना फोन केले. तुमच्याकडं दुसऱ्यांच्या किती वाट्या आहेत ते बघा आणि नावं वाचून दाखवा. लोकांना आधी चेष्टा वाटली, मग फडताळं उपसली गेली. तीनशे सदतीस वाट्या निघाल्या. एका बाईंची बारा वर्षांपूर्वी हरवलेली वाटी तिसऱ्या गल्लीत सापडली, आणि ती कुणी दाबून ठेवली यावरून फोनवर माझ्यासमक्ष भांडण झालं. पण त्या नावांचा नकाशा मांडला तेव्हा हसू आवरलं. कॉलनीतल्या एक्केचाळीस रुग्णांपैकी छत्तीस जण वाट्यांच्या रेघांवर होते. आणि वाटी रिकामी परत जात नसल्यामुळं प्रत्येक रेघ जायची आणि यायची अशी दुहेरी होती.

वाट्या बंद, असा हुकूम निघाला. फलकावरचा आकडा अठ्ठ्याण्णव झाला आणि वाट्या पदराखालून चालूच राहिल्या. नाडगौडा वैतागले, पोलीस बसवू म्हणाले. मी म्हटलं, दोन दिवस द्या, आणि नऊ नंबरच्या कुमुदकाकूंना फोन लावला. कुमुदकाकू एकोणऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या, मुलगा परदेशात. दिवसाला पाच वाट्या भरून धाडायच्या त्या. तीनशे सदतिसांतल्या एकोणतीस त्यांच्या नावाच्या होत्या.

"तू सांगतेस म्हणून मी थांबेन गं," काकू म्हणाल्या. "पण वाटी थांबली की समोरचीला काय वाटतं? आमच्या हातचं हिला आता किळसवाणं वाटायला लागलं. मी आधी थांबवली असं व्हायला नको. बाकीच्या थांबल्या की मग मीही थांबते."

एकशे अठरा घरांचं हेच म्हणणं असणार. सगळ्यांना थांबायचं होतं आणि सगळे पहिल्या माणसाची वाट बघत होते. थांबणाऱ्याचा अपमान होत नव्हता, पण समोरच्याचा होत होता, आणि तेवढ्यासाठी माणसं लुळी पडायला तयार होती. मला राग येऊ लागला आणि तसाच ओसरला, कारण मीही त्यांतलीच होते. मी सहज विचारलं, की थांबवली नाही, पण त्यांची वाटी तुमच्याकडं नुसती राहून गेली, तर चालतं का.

"राहिली तर काय, बरंच की," काकू म्हणाल्या. "माझी वाटी जिच्याकडं राहिलीय, ती कधी ना कधी यायचीच. तेवढा धीर असतो गं."

मी फोन ठेवला आणि हुकूम बदलून घेतला. वाट्या बंद नाहीत. ज्याच्याकडं ज्याची वाटी आहे त्यानं ती राखून ठेवायची. धुऊन, ऊन दाखवून, सुतळीच्या छोट्या शिंक्यात घालून खिडकीला टांगायची, नाव बाहेरच्या बाजूला, म्हणजे ज्याची आहे त्याला आपल्या घरातून दिसेल. लस टोचून झाली की एक दिवस ठरवून सगळ्यांनी भरून परत करायच्या. फलकावर आता टांगलेल्या वाट्यांचा आकडा लागेल. कुमुदकाकूंनी पहिल्या दिवशी सात वाट्या टांगल्या, कारण त्यांच्या बोलण्यातून निघालेल्या हुकुमात त्या मागं कशा राहणार. ज्यांच्या होत्या त्या सात घरांनी संध्याकाळच्या आत उत्तर दिलं. चौथ्या दिवशी फलकावर तीनशेच्या वर आकडा होता. उन्हं उतरली की सगळ्या कॉलनीतल्या खिडक्या चकाकायच्या. तीन आठवड्यांत नवे रुग्ण तिनावर आले, मग थांबले. पुढं दुसऱ्या गावांनीही शिंकी टांगली, पण ती मी पाहिली नाहीत.

माझ्या खिडकीत मी निर्मलावहिनींची वाटी टांगली, नाव सबनीसांच्या खिडकीकडं करून. त्या माणसाला मी रोज त्याच्या बायकोचं नाव दाखवणार होते, आणि त्याला हात गमवावा लागला होता तो माझ्या हातांमुळं.

सबनीस दहाव्या दिवशी घरी आले. ते गाडीतून उतरत असताना मी त्यांना पुढच्या गल्लीच्या कॅमेऱ्यात पाहिलं. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीत माझी वाटी टांगलेली दिसली, आणि मी धावतच माझ्या खिडकीशी गेले. वाटी कोरी होती. म्हणजे वाटी माझीच, काठाची घडण मी ओळखते, पण माझ्याकडं तिची मोकळी पाठ होती. नाव आतल्या बाजूला.

वाऱ्यानं फिरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता, वाटी तशीच. आठ दिवसांनी तशीच. सबनीसांना हुकूम कळला नसेल हे शक्य नव्हतं. सरकारी परिपत्रक ते तळटिपांसकट वाचतात. कॉलनीतल्या तीनशे वाट्यांत ही एकच वाटी पाठ फिरवून बसली होती. त्यांनी यादी वाचली, पहिल्या ओळीतलं नाव वाचलं, आणि जे तोंडानं बोलले नसते ते वाटीनं सांगितलं. मी असंच समजले, आणि मला ते बरोबरही वाटलं.

मग चार महिने गेले. भिंतीशी येऊन दोन मीटर लांबून बोलायला नियमाची आडकाठी नव्हती, पण ते आले नाहीत. मीही गेले नाही. सकाळी टक् असा आवाज येत नाही हे माहीत असूनही मी त्या वेळेला जागी व्हायचे आणि ऐकत पडायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात कधी भांडं पडायचं. डाव्या हातानं काही करायला बघत असतील, असं मनात यायचं. मी ओट्याशी उभी राहून ती कोरी वाटी बघायचे. गावातल्या लाख माणसांच्या मनांतले आकडे मांडणारी मी, पण माझ्या मनातला आकडा मला उशिरा कळला. तो एक होता. समोरच्या त्या एकानं आधी यावं. आणि त्यांचाही एकच असेल, हे मला सुचलंसुद्धा नाही.

लस आली, दोन्ही मात्रा झाल्या, पट्ट्या गोळा करून नेल्या. वाट्या परत करायचा दिवस कार्तिकातल्या एका रविवारी ठरला. सकाळपासून कॉलनीत नुसती फोडण्यांची घमघम. कुमुदकाकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्याच्या हातातलं आधी उघडून बघत होत्या, मग माणसाला या म्हणत होत्या. मी बाजारातून चाकवत आणला होता. भाजी केली, मुद्दाम आंबट केली, आणि निर्मलावहिनींच्या वाटीत भरली. काही झालं तरी वाटी परत करायची होती. ती देऊन, माफी मागून यायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

भिंतीवर ठेवून आले असते तर चाललं असतं. पण मी रस्त्यानं वळसा घालून त्यांच्या पुढच्या दाराला गेले. सहा वर्षांत त्या दाराशी मी कधी गेले नव्हते. दार उघडंच होतं. हाक मारली तर स्वयंपाकघरातून आवाज आला की इकडं या.

त्यांनी कॉट स्वयंपाकघरात आणून टाकली होती, खिडकीसमोर. तिच्यावर ते बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला, जरा वाळलेला. पुढ्यात माझी वाटी होती आणि साखरेचा डबा. साखर जमिनीवर, चादरीवर, सगळीकडं सांडली होती, वाटीत मात्र दाणा नव्हता.

"रिकामी द्यायची नाही म्हणून सकाळपासून बसलोय," ते म्हणाले. "डाव्या हाताला अजून नेम नाही."

मी चाकवताची वाटी ओट्यावर ठेवली. घरून घोकून आणलेलं सगळं विसरले. तुमचा हात माझ्यामुळं गेला, तो ताप माझ्या काकडीतून आला, एवढं एका दमात बोलून टाकलं.

"वाचलंय मी. पहिलीच ओळ होती." ते म्हणाले. "माझ्या नावावरचा शेरा काढायला तुम्ही तुमचं नाव घातलंत, हेही कळलं मला. आणि काकडी मी मागितली होती."

मग भिंतीशी का आला नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले की मी येईन म्हणून वाट बघत होते. मी आले नाही तेव्हा त्यांना वाटलं, हा लोंबता हात मला बघवत नसेल. माझ्या खिडकीतलं निर्मलाचं नाव रोज दिसायचं, त्यानं बरं वाटायचं, असंही म्हणाले. हे सगळं ते पाण्याची पातळी सांगावी तसं सांगत होते. माझ्या डोळ्यांतलं पाणी मी आवरत होते, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिथून हलायचं नाही असं मला झालं होतं.

"मग माझी वाटी उलटी का टांगलीत? नाव बाहेर ठेवायचं होतं. चार महिने मी रोज तुमची पाठ फिरवलेली वाटी बघतेय."

सबनीस गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"परिपत्रक वाचलं होतं," ते म्हणाले. "आयुष्यात तेवढा एक नियम मोडला. बाहेरच्या बाजूला ठेवलं असतं तर ते तुम्हांला दिसलं असतं, आणि तुमचं नाव तुम्हांला माहीतच आहे. मला इथून, पडल्या पडल्या वाचायचं होतं."

मी कॉटवर बसले, सांडलेल्या साखरेतच. खिडकीत मोकळं शिंकं लोंबत होतं आणि त्यातून समोरची माझी खिडकी सरळ दिसत होती. मी तिथं उभी राहून काय काय करत असते तेही दिसत असणार. ते वाटी डाव्या हातात फिरवत होते.

"नावापुढं जागा का सोडलीय, त्याचा विचार करायचो," ते म्हणाले.

मी आईची गोष्ट सांगितली. नाव घालणारा काय म्हणाला, आई काय म्हणाली, आणि मग कसं काहीच ठरलं नाही. त्यांनी कालव्याच्या पाण्याची नोंद ऐकावी तशी ती शांतपणानं ऐकली. मग वाटी उजेडाकडं धरली आणि वाचल्यासारखं म्हणाले, "यामिनी." सहा वर्षांत पहिल्यांदा. चार महिने सराव केलेला असावा, कारण आवाज अजिबात अडखळला नाही.

त्यानंतर त्यांनी ती वाटी माझ्यापुढं केली आणि खाली बघत म्हणाले, की रिकामीच आहे, आज तेवढं चालवून घ्या.

"राहू दे," मी म्हटलं. "मी ती परत न्यायला आलेली नाही."

त्यांच्या हातातून वाटी घेऊन मी पुसली, शिंक्यात ठेवली आणि फिरवून नाव आतल्या बाजूला केलं. मग दोन ताटं कुठं आहेत ते विचारलं, कारण चाकवत निवत होता.